संगणक थंड हवा, वर्ग शांत हवा



गेल्या फेब्रुवारीच्या अखेरीस आमच्या जिल्ह्यातील एका माध्यमिक शाळेत विज्ञान प्रदर्शनाचा परीक्षक म्हणून जाण्याचा योग आला. प्रदर्शन आटोपल्यावर मुख्याध्यापकांनी मोठ्या कौतुकाने मला शाळेची संगणक खोली दाखवली. वीस संगणक, एकेका संगणकापुढे दोन-दोन मुले, आणि तास चालू. दारात पाऊल ठेवताच मला आमच्या गल्लीतल्या पिठाच्या गिरणीची आठवण झाली. वीस पंखे एका सुरात घोंगावत होते आणि शिकवणाऱ्या बाई घसा ताणून बोलत होत्या. शेवटच्या ओळीतल्या एका मुलीच्या वहीत मी सहज डोकावलो. बाईंनी 'साठ' सांगितले होते, तिने 'सात' लिहिले होते. पुढचे सारे गणित अर्थातच चुकले होते.

बाहेर आल्यावर मुख्याध्यापक म्हणाले, "सर, यावर उपाय काढलाय. माजी विद्यार्थ्यांनी देणगी दिली आहे. वीसही संगणकांना पाण्यावर चालणारी शीतन यंत्रणा बसवणार आहोत. लाखभर रुपये खर्च येईल. विक्रेता म्हणतो, आवाज अजिबात येणार नाही. तुमचे मत काय?"

त्या वेळी मी जे मत दिले तेच आज तुमच्यापुढे मांडतो आहे. ते थोडक्यात असे: शीतन यंत्रणा दुकानात निवडण्याआधी कागदावर निवडावी. त्यासाठी लागणारे सारे भौतिकशास्त्र नववी-दहावीच्या पुस्तकात आहे.

उष्णता जाते कुठे?

प्रथम एक गैरसमज दूर करू. ज्या पेटीला आपण सर्रास 'सीपीयू' म्हणतो ती पेटी म्हणजे सीपीयू नव्हे. खरा सीपीयू, म्हणजे प्रोसेसर, हा आत बसवलेला एक लहानसा चौकोन असतो. आणि त्यातली प्रत्यक्ष काम करणारी सिलिकॉनची चकती तर नखाएवढी, फार तर दीड-दोन चौरस सेंटीमीटरची. १९९३ साली आलेला ६६ मेगाहर्ट्‌झचा पेन्टियम प्रोसेसर जास्तीत जास्त १६ वॅट शक्ती घेत असे. आजच्या साध्या टेबलावरच्या संगणकातील प्रोसेसरवर ६५ वॅटचा आकडा सर्रास आढळतो, आणि खेळांसाठी किंवा चित्रफितींच्या कामासाठी घेतलेले प्रोसेसर भर कामात २०० वॅटच्याही पुढे जातात.

ही सगळी वीज अखेर उष्णतेतच रूपांतरित होते. तुलनेसाठी घरातली १००० वॅटची इस्त्री घ्या. तिचा तळ सुमारे दीडशे चौरस सेंटीमीटरचा धरला, तर दर चौरस सेंटीमीटरला सहा-सात वॅट पडतात. दीड चौरस सेंटीमीटरच्या चकतीतून १०० वॅट निघत असतील, तर दर चौरस सेंटीमीटरला सुमारे ६६ वॅट, म्हणजे इस्त्रीच्या दसपट! ही उष्णता हलवली नाही तर प्रोसेसर काही सेकंदांत तापतो. मात्र तो लगेच जळत नाही. तापमान बहुतेक ९० ते १०० अंश सेल्सिअसच्या घरात पोचले की तो आपणहून कामाचा वेग कमी करतो आणि तरीही भागले नाही तर बंद पडतो.

आता या उष्णतेचा प्रवास पाहा. सिलिकॉनच्या चकतीतून ती वरच्या धातूच्या झाकणात येते, तेथून थर्मल पेस्टच्या पातळ थरातून हीटसिंकच्या तळात, तळातून धातूच्या पत्र्यांत, पत्र्यांवरून हवेत, हवेबरोबर पेटीबाहेर आणि शेवटी खोलीबाहेर. ओहमचा नियम आठवा. विभवांतराच्या जागी तापमानातील फरक घ्या, विद्युतधारेच्या जागी उष्णतेचा प्रवाह. वरचा प्रत्येक टप्पा म्हणजे एकसरीत जोडलेला एकेक रोध. अशा जोडणीत जो रोध सर्वांत मोठा, तोच कमी केला पाहिजे. लहान रोधावर हजारो रुपये ओतून काही साधत नाही.

एक उदाहरण घेऊ. चकतीपासून पेटीतल्या हवेपर्यंतचा एकूण रोध दर वॅटला ०.४ अंश आहे आणि प्रोसेसर ६५ वॅट उष्णता टाकतो आहे. ६५ गुणिले ०.४ म्हणजे २६. प्रोसेसर भोवतालच्या हवेपेक्षा २६ अंशांनी तापेल. थंड देशातल्या २० अंशांच्या खोलीत तो ४६ अंशांवर राहील, पण एप्रिलमध्ये चंद्रपुरात खोली ४० अंशांवर असेल तर तो ६६ वर जाईल. म्हणून जाहिरातीत नुसते तापमान दिले असेल तर त्यावर विसंबू नका. खोलीपेक्षा किती अंश जास्त, आणि तेही किती वॅटला, हे विचारा. आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या: कोणताही पंखा किंवा कोणतेही पाणी प्रोसेसरला खोलीच्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही.

हवा किती लागते?

दुसरे गणित हवेचे. संपूर्ण पेटीतून १०० वॅट उष्णता बाहेर न्यायची आहे, आणि आत शिरणाऱ्या हवेपेक्षा बाहेर पडणारी हवा १० अंशांनी गरम झालेली चालणार आहे. एक किलोग्रॅम हवा एक अंशाने तापवण्यास सुमारे १००० ज्यूल लागतात. म्हणजे १० अंशांसाठी १०,००० ज्यूल. आपल्याला दर सेकंदाला १०० ज्यूल न्यायचे आहेत; त्याला ०.०१ किलोग्रॅम, म्हणजे १० ग्रॅम हवा पुरे. आपल्याकडच्या उन्हाळ्यातील हवेची घनता दर घनमीटरला १.१५ किलोग्रॅमच्या आसपास धरली, तर ही हवा झाली सेकंदाला पावणेनऊ लिटरच्या आत. अर्धी बादली हवा! यासाठी वादळ उठवण्याची गरज नाही. मग एवढा गोंगाट का होतो?

आवाजाचे गणित

याचे उत्तर पंख्याच्या नियमांत आहे. एकाच घडणीच्या पंख्यांत हवेचा प्रवाह फेऱ्यांच्या वेगाच्या प्रमाणात आणि व्यासाच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. आवाजाची शक्ती मात्र वेगाच्या साधारण पाचव्या घाताने वाढते. वेग दुप्पट केला तर हवा दुप्पट मिळते, पण आवाजाची शक्ती बत्तीस पट होते, म्हणजे १५ डेसिबेलांची वाढ. उलट वेग निम्मा केला की १५ डेसिबेल कमी. दर १० डेसिबेलांना आपल्या कानाला आवाज सुमारे दुप्पट किंवा निम्मा वाटतो, हे लक्षात घेतले म्हणजे १५ डेसिबेलांची किंमत कळेल.

आता ८० मिलिमीटर व्यासाच्या पंख्याच्या जागी १२० मिलिमीटरचा पंखा बसवा. व्यास दीडपट झाला, दीडचा घन सुमारे ३.४, म्हणजे तेवढ्याच हवेसाठी नव्या पंख्याला जुन्याच्या तिसऱ्या हिश्शाहूनही कमी वेगाने फिरले तरी चालेल. पंखा मोठा झाल्यामुळे थोडा आवाज वाढतो तो जमेस धरूनही सुमारे १४ डेसिबेलांची बचत होते. गंमत अशी की, एकाऐवजी वीस सारखे पंखे चालू केले तर आवाजात होणारी वाढ १३ डेसिबेल असते. म्हणजे कागदावर तरी वीस संगणकांचा वर्ग पूर्वीच्या एका संगणकाएवढाच आवाज करील!

शिवाय आवाजाची पट्टीही बदलते. सात पात्यांचा पंखा मिनिटाला ३००० फेऱ्या घेत असेल, तर सेकंदाला ५० फेऱ्या, आणि ५० गुणिले ७ म्हणजे ३५० हर्ट्‌झचा सूर उमटतो. मिनिटाला १००० फेऱ्यांना तो ११७ हर्ट्‌झच्या आसपास उतरतो. अशा खालच्या पट्टीतल्या मंद आवाजाला आपला कान कमी संवेदनशील असतो.

पण येथे एक पथ्य आहे, आणि दुकानदार ते सहसा सांगत नाहीत. वरच्या उदाहरणातला मोठा, मंद पंखा हवा तेवढीच देतो, पण तिला रेटण्याचा दाब जेमतेम पाचवा हिस्सा देतो. त्याच्यापुढे दाटीवाटीचे पत्रे, धुळीने बुजलेली जाळी किंवा वायरींचा गुंता असेल तर हवा पुढे सरकतच नाही. म्हणून शांत यंत्रणेचे सूत्र तीन भागांत सांगावे लागते: पृष्ठभाग मोठा, पंखा मोठा आणि मंद, व हवेची वाट मोकळी. यातले तिसरे नसेल तर पहिली दोन फुकट जातात.

हे मी अनुभवाने सांगतो. काही वर्षांपूर्वी घरचा संगणक तापतो म्हणून मी एक लहान, वेगवान पंखा आणून पेटीच्या बाजूला बसवला. तो बाहेरची हवा आत ढकलू लागला, ती मागच्या वाटेने लगेच बाहेर पडू लागली, आणि प्रोसेसर होता तेवढाच गरम राहिला. मिळाला तो फक्त आवाज. भौतिकशास्त्र शिकवणाऱ्याने हवेची वाट न पाहता पंखा विकत घ्यावा, याची मला आजही शरम वाटते.

पाणी की हवा?

आता पाण्याच्या यंत्रणेबद्दल. पाणी उष्णता वाहण्यात हवेपेक्षा फारच सरस आहे यात शंका नाही. १९८५ साली अमेरिकेत तयार झालेला क्रे-२ हा महासंगणक तर एका विद्युतरोधक द्रवात बुडवूनच थंड ठेवला जाई. पुण्याच्या आयसरमधील परम ब्रह्म या महासंगणकातही द्रव थेट गरम भागाजवळ खेळवला आहे. जेथे थोड्या जागेत प्रचंड उष्णता निर्माण होते तेथे द्रवाला पर्याय नाही.

पण टेबलावरच्या संगणकात पाणी नेमके काय करते? ते उष्णता प्रोसेसरपासून उचलून पेटीच्या कडेच्या जाळीपर्यंत नेते. तेथे ती पुन्हा पत्र्यांवरून हवेतच जाते, आणि ती हवा पंख्यानेच हलवावी लागते. म्हणजे पंखा सुटला नाहीच, उलट पाणी फिरवणारा पंप वाढला. २०० वॅटच्या प्रोसेसरसाठी हा खटाटोप योग्य ठरतो, कारण कडेला मोठी जाळी आणि दोन-तीन मोठे पंखे बसवता येतात. ६५ वॅटच्या शालेय संगणकासाठी मात्र तो वाया जातो.

उष्णता एका जागेहून दुसऱ्या जागी नेण्याचे काम बिनपंपाची हीट पाइप फार सुबक रीतीने करते. १९६३ साली अमेरिकेतील लॉस अलामॉस येथे जॉर्ज ग्रोव्हर यांनी अंतराळातील उपयोग डोळ्यांपुढे ठेवून ती विकसित केली. तांब्याची बंद नळी, आतून सच्छिद्र अस्तर, थोडेसे पाणी आणि बाकी निर्वात. गरम टोकाला पाण्याची वाफ होते, थंड टोकाला वाफेचे पाणी होते आणि अस्तरातून ते परत येते, जसे वातीतून तेल चढते तसे. एक ग्रॅम पाण्याची वाफ होताना सुमारे २४०० ज्यूल अप्रकट उष्मा शोषला जातो. म्हणजे १०० वॅट वाहून नेण्यास दर सेकंदाला एका ग्रॅमचा चोविसावा भाग पाणी पुरते! अशा नळ्या, त्यांवर ओवलेले पत्रे आणि बाजूला १२० मिलिमीटरचा मंद पंखा असा मनोऱ्यासारखा हीटसिंक पाण्याच्या यंत्रणेपेक्षा पुष्कळ स्वस्त पडतो. त्यात गळण्यासारखे काही नसते, आणि पंखा बिघडला तर तेवढाच बदलता येतो. मात्र घेण्याआधी पेटीची रुंदी मोजावी. असे मनोरे सोळा सेंटीमीटरपर्यंत उंच असतात, आणि घरी आणल्यावर पेटीचे झाकण लागत नाही असा प्रकार घडतो.

त्या शाळेत काय झाले?

मी मुख्याध्यापकांना म्हटले, "आधी एक संगणक माझ्या ताब्यात द्या, आणि नववीची चार मुले द्या." संगणक लाकडी टेबलाच्या खणात होता; तीन बाजू बंद, मागे भिंत. म्हणजे बाहेर टाकलेली गरम हवाच पुन्हा आत ओढली जात होती. वर धूळ बसू नये म्हणून प्लॅस्टिकचे आच्छादनही अर्धवट तसेच होते. पेटी उघडली तर हीटसिंकच्या पत्र्यांमध्ये धुळीची चक्क गादी झाली होती. हवेची उष्णता वाहकता तांब्याच्या सुमारे पंधरा हजारावा भाग असते, आणि धुळीच्या गादीत अडकलेली असते ती हवाच. आपण हिवाळ्यात गोधडी का घेतो, तेच कारण.

आम्ही वीज बंद केली, वायरी काढल्या आणि मऊ कुंचल्याने धूळ झाडली. वाळून पापुद्रे झालेली जुनी थर्मल पेस्ट पुसून नवी वाटाण्याएवढी लावली. पेटी खणातून काढून टेबलावर ठेवली, आच्छादन घडी घालून कपाटात टाकले. संगणक पुन्हा सुरू केला, तोच धडा चालवला. आधी ८० अंशांच्या पुढे असलेले प्रोसेसरचे तापमान ६० च्या आसपास स्थिरावले आणि पंख्याचा वेग, जो संगणक तापमानाप्रमाणे आपोआप ठरवतो, जवळजवळ निम्म्यावर आला. वेग निम्मा म्हणजे किती डेसिबेल, ते तुम्हाला आता ठाऊक आहे. खर्च झाला तो पेस्टच्या नळीचा आणि कुंचल्याचा.

मुले अर्थातच खूश झाली. पण त्यांच्यातला एक जण म्हणाला, "सर, मग विक्रेत्याने हे का नाही सांगितले?" या प्रश्नाचे उत्तर मी विक्रेत्यावर ढकलले नाही. विक्रेता वस्तू विकायलाच बसला आहे. मोजून पाहण्याचे काम आपले होते, आणि ते आपण केले नव्हते.

माझे मत

माझ्या मते शाळांनी संगणक शांत करण्याचा क्रम असा ठेवावा. पहिले, उष्णताच कमी निर्माण करावी. लेखन, तक्ते आणि आज्ञावली शिकण्यासाठी सर्वांत वेगवान प्रोसेसर लागत नाही. नवीन खरेदीच्या वेळी कमी वॅटचा घ्यावा. जी उष्णता निर्माणच झाली नाही ती काढायला पंखाही लागत नाही. दुसरे, धूळ आणि हवेची वाट पाहावी. तिसरे, जुने लहान पंखे खडखडू लागले की पेटीत जागा असल्यास त्यांच्या जागी मोठे, मंद पंखे बसवावेत. चौथे, गरज उरलीच तर मोठा हीटसिंक. पाण्याची यंत्रणा शाळेच्या यादीत मी घालणारच नाही.

आणि खोली विसरू नये. प्रत्येकी १०० वॅट धरले तर वीस संगणक म्हणजे २००० वॅट, म्हणजे दोन इस्त्र्या दिवसभर खोलीत चालू. ही उष्णता पेटीतून काढून खोलीतच सोडली तर तासाभरात आत शिरणारी हवाच गरम होईल. म्हणून समोरासमोर खिडक्या उघड्या असाव्यात किंवा भिंतीत हवा बाहेर फेकणारा पंखा असावा, तोही मोठा आणि मंद!

काही शिक्षक म्हणतील, थोडा आवाज सहन केला तर काय बिघडले? वर्गात शिकवणे चालू असताना पार्श्वभूमीचा आवाज ३५ डेसिबेलच्या पुढे जाऊ नये, असे जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ साली सुचवले आहे. त्यामागे कारण आहे. बोलण्यातले स्वर जोरकस असतात, व्यंजने क्षीण असतात. गोंगाट प्रथम गिळतो तो व्यंजनांना. म्हणूनच 'साठ'चा 'सात' होतो. पहिल्या बाकावरच्या हुशार मुलाला याचा पत्ताही लागत नाही. नुकसान होते ते शेवटच्या ओळीचे, आणि ती मुले हात वर करून 'ऐकू आले नाही' असे सहसा म्हणत नाहीत. आपण मात्र त्यांना 'लक्ष देत नाहीस' म्हणून रागावतो.

आता तुम्ही काय कराल? आपल्या शिक्षकांच्या परवानगीने आणि त्यांच्या देखत एका संगणकावर हा प्रयोग करा. वीज पूर्ण बंद करून वायर काढा. आतल्या भागांना हात लावण्यापूर्वी पेटीच्या उघड्या धातूला स्पर्श करा, म्हणजे अंगावरचा स्थिर विद्युतभार निघून जाईल. धूळ झाडताना पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवा. वीजपुरवठ्याची बंद डबी मात्र कधीही उघडू नका; वायर काढल्यावरही तिच्यात धोकादायक विद्युतभार राहू शकतो. खोलीचे तापमान, प्रोसेसरचे तापमान आणि पंख्याचा वेग सफाईपूर्वी व सफाईनंतर एकाच धड्यासाठी नोंदवा. मोबाइलमधला ध्वनिमापक अचूक डेसिबेल दाखवील असे नाही, पण एकाच जागी ठेवून घेतलेल्या दोन नोंदींतील फरक तो बऱ्यापैकी सांगतो. मग तो कागद मुख्याध्यापकांपुढे ठेवा.

त्या शाळेने उरलेल्या एकोणीस संगणकांची सफाई मुलांकडूनच, शिक्षकांच्या देखरेखीखाली करवून घेतली. देणगीची रक्कम प्रयोगशाळेच्या साहित्यासाठी वापरावी की नवे पंखे घ्यावेत, यावर समितीत अजून चर्चा चालू आहे असे कळते. ती खुशाल चालू द्या. चर्चेला आता आकडे मिळाले आहेत, आणि शेवटच्या ओळीतल्या त्या मुलीला बाईंचा आवाज ऐकू येऊ लागला आहे, हे मला अधिक मोलाचे वाटते.